दुरुस्ती संपते, आशीर्वाद उरतो



कथा-कादंबरी वाचून मन हलके झाले, तर त्या हलकेपणावर विश्वास ठेवावा का? ज्यांच्या दुःखाने आपले डोळे ओलावतात ती माणसे कधी जन्मलीच नव्हती. त्यांचे घर नाही, त्यांची कबर नाही. मग त्यांच्याकडून मिळालेला दिलासा खरा कसा? रविवारच्या पत्रिकेत हा प्रश्न कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या धर्मग्रामात दुपारची मालिका पाहून पदराला डोळे पुसणाऱ्या आया आहेत, जुना सिनेमा पुन्हा पुन्हा पाहणारे निवृत्त शिक्षक आहेत, आणि पुस्तकात डोके घालून बसणारे आमच्यासारखे धर्मगुरूही आहेत. तेव्हा प्रश्न आपल्या सर्वांचाच आहे.

संत ऑगस्टीन यांना हा प्रश्न चांगलाच टोचला होता. 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात ते सांगतात की, शाळेत असताना लॅटिन महाकाव्यातील डायडो राणीच्या मरणावर आपण अश्रू ढाळले. मात्र देवापासून दुरावून आपला स्वतःचा आत्मा मरत होता, त्यासाठी एक टिपूसही आले नाही. कल्पित दुःखावर रडणे सोपे असते, कारण त्यानंतर काही करावे लागत नाही. पुस्तक मिटले की कर्तव्य संपले.

या आक्षेपात तथ्य आहे. मालिकेतल्या सुनेसाठी हळहळत संध्याकाळ घालवावी आणि शेजारच्या खोलीत खोकणाऱ्या सासूबाईंना पाणीही विचारू नये, असे घडू शकते. म्हणून दिलाशाचे दोन प्रकार मानले पाहिजेत. एक दिलासा विसर पाडतो, दुसरा बळ देतो. घटकाभर दोन्ही सारखेच गोड लागतात. फरक नंतर कळतो. पुस्तक मिटून आपल्या माणसांकडे परत जाताना आपले पाऊल जड होते की हलके? ही कसोटी मनाशी ठेवून आज आम्ही एका कादंबरीविषयी लिहीत आहोत.

एका वृद्ध पाळकाचे पत्र

कादंबरीचे नाव 'गिलियड'. अमेरिकन लेखिका मॅरिलिन रॉबिन्सन यांची ही इंग्रजी कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली आणि २००५ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखिकेची पहिली कादंबरी १९८० सालची. म्हणजे दुसऱ्या कादंबरीसाठी त्यांनी जवळजवळ चोवीस वर्षे घेतली. घाई नसलेल्या हाताने लिहिलेले हे पुस्तक आहे आणि ते घाईने वाचताही येत नाही. त्यात खून नाही, पाठलाग नाही, शेवटी उलगडणारे कारस्थान नाही. म्हातारपण आहे, घर आहे आणि एक चर्च आहे.

काळ १९५६ सालचा. स्थळ अमेरिकेच्या मध्यभागातील आयोवा राज्यातले गिलियड नावाचे एक कल्पित छोटे गाव. जॉन एम्स हे तिथल्या काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक. वय शहात्तर. हृदय थकलेले, फार दिवस उरलेले नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. तरुणपणी त्यांची पत्नी बाळंतपणात गेली आणि नवजात मुलगीही गेली. त्यानंतरची कित्येक दशके त्यांनी एकट्याने काढली. मग म्हातारपणाच्या उंबरठ्यावर, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, बाहेर पाऊस पडत असताना एक अनोळखी स्त्री चर्चमध्ये येऊन बसली. वयाने त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, हालअपेष्टांत वाढलेली. पुढे तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. आता त्यांचा मुलगा सात वर्षांचा होत आला आहे. मुलगा मोठा होईल तेव्हा बाप नसेल. म्हणून बाप त्याला पत्र लिहायला बसतो. सबंध कादंबरी म्हणजे ते एकच लांबलचक पत्र आहे.

पत्रात इस्टेटीचा हिशेब नाही, कारण इस्टेटच नाही. पाळकाने पंचेचाळीस वर्षे दर रविवारी लिहिलेली प्रवचने मात्र माळ्यावरच्या पेट्यांत पडून आहेत. एम्स हिशेब करतात: सुमारे दोन हजार दोनशे पन्नास प्रवचने, साडेसदुसष्ट हजार पाने. कोणी वाचणार नाही अशी! (हा भाग वाचून कोणत्याही धर्मगुरूला हसू येईल आणि थोडे वाईटही वाटेल.) बाकी पत्रात लहानसहान गोष्टी आहेत. आई आणि मुलगा साबणाचे फुगे उडवतात आणि मांजर त्यांवर झेप घेते. पाऊस थांबल्यावर एक तरुण झाडाची ओली फांदी हलवतो, त्याच्यावर आणि सोबतच्या मुलीवर पाण्याची सर कोसळते आणि दोघे हसत सुटतात. पाहणाऱ्या म्हाताऱ्याला हे सारे देवाच्या हातचे वाटते.

एक आठवण विशेष सांगण्यासारखी आहे. एम्स लहान असताना गावातल्या बाप्टिस्ट लोकांच्या चर्चवर वीज पडली आणि ते जळाले. गावातले सगळे लोक, पंथ कोणताही असो, भर पावसात राखरांगोळी उपसायला जमले. कामाच्या मध्ये वडिलांनी काजळी लागलेल्या हातांनी छोट्या जॉनला बिस्किट दिले. राख लागलेले ते बिस्किट एम्स जन्मभर विसरले नाहीत. ते त्यांना ख्रिस्तप्रसादासारखे वाटत राहिले. बापाने काही उपदेश केला नव्हता. हात पुढे केला होता, एवढेच.

आमच्या घरची गोष्ट

हे पुस्तक आमच्या हाती आले तेव्हा आमच्या वडिलांनी अंथरूण धरून चार महिने झाले होते. ते हाताने प्रेम करणारे गृहस्थ. विहिरीवरचा पंप, शेजाऱ्याची सायकल, आईचे शिवणयंत्र, जे बिघडेल ते त्यांच्यापुढे यायचे आणि संध्याकाळपर्यंत चालू व्हायचे. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे,' असे त्या पिढीचे बाप कधी बोलले नाहीत. ते मुलाच्या सायकलच्या चाकात हवा भरून ठेवत. आता पाण्याचा पेला धरतानाही त्यांचा हात थरथरतो. एका भेटीत ते म्हणाले, "आता काही उपयोगाचा राहिलो नाही रे मी."

त्यातच आमचा एक भाऊ काही वर्षांपासून घरी येत नाही. त्यामागची कारणे इथे सांगण्याची गरज नाही. कमी-अधिक फरकाने तशी कारणे पुष्कळ घरांत असतात. वडिलांच्या मनात खरी बिघडलेली वस्तू तीच होती, आणि तिला पाना-पक्कड चालत नव्हती. आजाऱ्यांच्या उशाशी बसणे हे आमच्या रोजच्या सेवेतले काम. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरोघर जाताना तिथे काय बोलावे ते आम्हांला सुचते. वडिलांच्या खाटेशी आम्ही फादर नसतो, मुलगा असतो, आणि मुलाला शब्द मिळत नव्हते. अशा दिवसांत रात्री झोपण्यापूर्वी दहा-बारा पाने, या गतीने आम्ही 'गिलियड' वाचली. मनाला दिलासा मिळाला. तो दिलासा कोणत्या जातीचा, हे तपासणे आम्हांला आवश्यक वाटले.

संत थॉमस यांचे पाच उपाय

संत थॉमस अक्वायनस हे बुद्धीला धार लावणारे शास्त्री म्हणून ओळखले जातात. पण 'सुम्मा थिओलॉजिका' या महाग्रंथात त्यांनी दुःखावरच्या उपायांचाही विचार केला आहे. ते पाच उपाय सांगतात: कोणतेही योग्य सुख, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान. एवढा मोठा पंडित दुःखी माणसाला अंघोळ करून झोपायला सांगतो, हे वाचून सेमिनरीतल्या आमच्या वर्गात हशा पिकला होता. वय वाढले की त्यातला शहाणपणा कळतो.

मित्राची सहानुभूती दुःख का हलके करते? संत थॉमस दोन कारणे देतात. दुःख हे ओझे आहे आणि मित्र जणू त्याला खांदा देतो, हे पहिले कारण. दुसरे त्यांना अधिक चांगले वाटते: मित्र आपल्यासाठी दुःखी झालेला पाहून आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे हे कळते, आणि ते कळणेच सुखाचे असते.

इथे कादंबरीची मर्यादा स्पष्ट होते. जॉन एम्स आमच्यावर प्रेम करू शकत नाहीत. त्यांना आमची माहिती नाही, ते नाहीतच. म्हणून पुस्तक कितीही थोर असले तरी त्याने मित्राची, पत्नीची, भावाची जागा घेऊ नये. जो माणूस जिवंत माणसांना टाळून पुस्तकातल्या माणसांपाशीच रमतो, त्याला संत ऑगस्टीन यांचा आक्षेप लागू पडतो. पण संत थॉमस यांचा चौथा उपाय पुस्तकाला नक्की साधतो, तो म्हणजे सत्याचे चिंतन. कल्पित माणसांच्या गोष्टीतून खरी गोष्ट दिसू शकते. प्रभू येशूने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली तेव्हा तो बाप आणि ते दोन भाऊ कोणत्या गावचे, असे कोणी विचारले नाही. ऐकणाऱ्याने त्यात स्वतःला पाहिले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. प्रथम ते धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी योजले होते, पण कथा-कविता वाचणे सर्वच ख्रिस्ती माणसांच्या घडणीला उपकारक आहे, असे मानून त्यांनी ते सर्वांसाठी केले.

आता विचारायचे ते हे: 'गिलियड'मध्ये कोणते सत्य दिसते?

बसथांब्यावरचा आशीर्वाद

एम्स यांचा जिवाभावाचा मित्र म्हणजे रॉबर्ट बॉटन, त्याच गावातले प्रेस्बिटेरियन पाळक. तेही आता आजारी आणि जर्जर. त्यांच्या आठ मुलांपैकी जॅक हा सर्वांत लाडका आणि सर्वांत वाया गेलेला. लहानपणापासून चोऱ्यामाऱ्या. कॉलेजात असताना एका अत्यंत गरीब मुलीला त्याच्यापासून मूल झाले. त्याने दोघींकडेही पाठ फिरवली आणि ती चिमुरडी पुढे दगावली. आईच्या अंत्यविधीलाही तो आला नाही. आता त्रेचाळिसाव्या वर्षी तो अचानक घरी परतला आहे.

जॅकचे पूर्ण नाव जॉन एम्स बॉटन. एम्स यांना मूलबाळ नव्हते म्हणून मित्राने आपल्या मुलाला त्यांचे नाव दिले, आणि तेही आधी न सांगता, ऐन स्नानसंस्काराच्या वेळी. स्वतःची मुलगी गमावलेल्या एम्स यांचे मन त्या क्षणी गार पडले. हात बाळाच्या डोक्यावर होता, पण हृदय सोबत नव्हते. हे शल्य ते जन्मभर बाळगतात. आणि आता त्यांना भीती वाटते ती अशी की, आपण गेल्यावर हा जॅक आपल्या तरुण पत्नीच्या आणि लहान मुलाच्या आयुष्यात शिरेल. मरणाऱ्या माणसाला पहारा देता येत नाही. एका रविवारी ते हागार आणि इश्माएल यांच्यावर प्रवचन देतात. बापाने रानात पाठवलेल्या त्या मुलाची गोष्ट सांगताना त्यांच्या तोंडून मुलांना टाकणाऱ्या बापांविषयी अधिक बोलले जाते, आणि समोर बसलेल्या जॅकचा चेहरा पांढरा पडतो.

मग जॅकचे गुपित उघड होते. त्याची पत्नी कृष्णवर्णीय आहे आणि त्यांना एक मुलगा आहे. त्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व कायदे १९६७ साली रद्द केले. १९५६ मधला जॅक पत्नी आणि मुलासह कुठे राहता येईल ते शोधत गावी आला आहे. आपला मरणोन्मुख बाप हे स्वीकारील का? हे गाव स्वीकारील का? एम्स यांना छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नाही.

शेवटी बाप मृत्युशय्येवर असताना जॅक गाव सोडतो. घरची माणसे त्याला याबद्दल क्षमा करणार नाहीत, हे दिसतेच आहे. एम्स त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत जातात आणि विचारतात, मी तुला आशीर्वाद देऊ का? जॅक टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो, डोळे मिटतो, मान खाली घालतो. म्हातारा पाळक त्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतो. त्या एका क्षणासाठी आपण सेमिनरी, दीक्षा आणि सगळी वर्षे पुन्हा काढली असती, असे एम्स यांना वाटते. मग ते मित्राच्या घरी जातात. बॉटन झोपलेले असतात. तुझ्या मुलाला मी आशीर्वाद दिला, हे ते झोपलेल्या मित्राला सांगतात.

बंधुभगिनींनो, पाहा, काहीही दुरुस्त झालेले नाही. जॅकला घर मिळाले नाही. बाप-लेकांचा समेट झाला नाही. एम्स यांचे हृदय बरे झाले नाही. तरीही जे चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी स्नानसंस्काराच्या वेळी अपुरे राहिले होते, ते त्या बसथांब्यावर पूर्ण झाले. हात तोच, या वेळी हृदय सोबत होते.

हेच ते सत्य. माणसाची दुरुस्त करण्याची ताकद वयाबरोबर संपते. आशीर्वाद देण्याची ताकद संपत नाही. उलट बाकीची सगळी साधने हातातून गळून पडल्यावर ती स्वच्छ दिसू लागते. आपल्या धर्मशास्त्राला हे नवीन नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील वृद्ध याकोब आठवा. परक्या मिसर देशात, डोळे अधू, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या घराची भावाभावांच्या वैराने धूळधाण झालेली त्याने पाहिली होती. योसेफ आपल्या दोन मुलांना त्याच्याजवळ आणतो, आणि आंधळा म्हातारा हात आडवे-तिडवे करून धाकट्यावर उजवा हात ठेवतो. योसेफ हात सरळ करू पाहतो. म्हातारा ऐकत नाही. पुढे इब्री लोकांस पत्राचा लेखक श्रद्धावंतांची यादी देतो तेव्हा याकोबाच्या एवढ्या मोठ्या आयुष्यातून कोणता प्रसंग निवडतो? स्वर्गाची शिडी नाही, देवदूताशी कुस्ती नाही. मरताना नातवंडांना दिलेला हा आशीर्वाद.

आशीर्वाद स्वस्त आहे का?

इथे एक शंका घेतलीच पाहिजे. आशीर्वादाला पैसे पडत नाहीत. न्याय करायचा सोडून डोक्यावर हात ठेवून मोकळे होणे, ही पळवाट नव्हे काय?

लेखिकेने ही शंका दडपलेली नाही. कादंबरीतले गिलियड गाव गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या माणसांनी वसवलेले आहे. एम्स यांचे आजोबा त्या लढ्यातले. युद्धात त्यांचा एक डोळा गेला. आणि १९५६ मध्ये त्याच गावात एकही कृष्णवर्णीय कुटुंब उरलेले नाही. त्यांच्या चर्चला पूर्वी कोणीतरी आग लावली होती. आग लहान होती, असे म्हणून गाव तो विषय संपवते. पण ते लोक निघून गेले. जॅकला हवे होते ते घर, आणि त्याला मिळाला तो आशीर्वाद. ही उणीव कादंबरी भरून काढत नाही. वाचकाच्या मनाला ती टोचत राहते, आणि टोचलीच पाहिजे.

तेव्हा नियम असा करावा: जे हातात आहे ते दुरुस्त करावे, आणि जे हातात नाही त्याला आशीर्वाद द्यावा. तरुण मुलाने आईच्या औषधाचा खर्च टाळून तिचा आशीर्वाद मागणे ही फसवणूक आहे. धडधाकट भावाने जमिनीचा हिस्सा दाबून ठेवून 'देव तुझे भले करो' म्हणणे हीसुद्धा फसवणूकच. पण ज्याच्या हातात आता काही उरलेले नाही, त्या म्हाताऱ्याचा आशीर्वाद ही पळवाट नसते. त्याच्याकडे असलेले सगळेच तो देत असतो. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे कौतुक प्रभूने याच कारणासाठी केले.

आशीर्वाद म्हणजे संमतीही नव्हे. जॅकने केले ते चांगले केले, असे एम्स म्हणत नाहीत. लॅटिन भाषेत आशीर्वादाला 'बेनेदिक्तियो' म्हणतात. अर्थ, चांगले बोलणे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने निर्माण केलेले पाहिले आणि ते चांगले आहे असे म्हटले, त्या बोलण्याला आपला आवाज जोडणे. एखाद्याचे वागणे वाईट असू शकते. त्याला निर्माण करणाऱ्याचा शब्द त्याच्या वागण्याच्या आधीचा आहे. तो शब्द आपण मागे घेऊ शकत नाही, फक्त पुन्हा उच्चारू शकतो.

पुढच्या भेटीत आम्ही वडिलांना कादंबरी सांगितली नाही. त्यांना गोष्टींत रस नाही. निघताना खाटेशी गुडघे टेकून आशीर्वाद मागितला. फादर झाल्यापासून तेच आमच्याकडे आशीर्वाद मागत आले होते, त्यामुळे ते जरा गोंधळले. मग थरथरता हात उचलून त्यांनी कपाळावर क्रूस काढला. थोडा वेळ गेला. त्यांनी भावाचे नाव घेतले आणि रिकाम्या हवेत दुसरा क्रूस काढला. भाऊ अजून घरी आलेला नाही. पण 'आता काही उपयोगाचा राहिलो नाही,' हे वाक्य आम्ही त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकले नाही. पुस्तकाचा दिलासा कोणत्या जातीचा, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तिथे मिळाले.

आपल्या घरांसाठी

आपल्या धर्मग्रामात कितीतरी घरांत आज दोनच माणसे राहतात. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. कुठे मुलगा जवळच राहतो, पण वाटणीवरून बोलणे बंद आहे. कुठे मुलीने आपल्या मनाने लग्न केले म्हणून तिचा फोटो भिंतीवरून उतरला आहे. वडीलधारी माणसे आम्हांला म्हणतात, "फादर, त्याने आधी चूक कबूल करावी, मग बघू." समेटासाठी कबुली लागते, हे खरे आहे. आशीर्वादासाठी लागत नाही. समेटाला दोन माणसे लागतात. आशीर्वाद एकटा माणूस, खाटेवर पडल्या पडल्या, हजारो मैलांवरच्या लेकराला देऊ शकतो.

आपल्याकडे संध्याकाळची रोझरी झाली की घरातल्या थोरांचा आशीर्वाद घेण्याची रीत होती. काही घरांत ती टिकून आहे, पुष्कळ घरांत टीव्ही आणि मोबाइल यांनी ती मोडली. ती पुन्हा सुरू करायला खर्च नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा आणि वृद्धजन यांचा जागतिक दिन सुरू केला. संत योकिम आणि संत अॅना यांच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो येतो. त्या दिवशी आपण म्हाताऱ्यांना फुले देतो, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. फुले घ्यावीत, आणि गुडघे टेकून त्यांच्याकडे काही मागावेही. ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही, तो माणूस स्वतःला निरुपयोगी समजू लागतो.

संत ऑगस्टीन यांच्यापाशी सुरुवात केली होती, तर त्यांचे पुढचे वर्तनही सांगितले पाहिजे. त्यांची आई संत मोनिका ३८७ साली ऑस्टिया बंदरात वारली, तेव्हा त्यांनी डोळ्यांतले पाणी अडवून धरले. दुःख कमी होईल म्हणून ते स्नानाला गेले. उपयोग झाला नाही. मग झोपले, उठल्यावर थोडे बरे वाटले, आणि नंतर एकांतात देवासमोर ते आईसाठी मोकळेपणाने रडले. डायडो राणीवर रडल्याची टीका करणारा माणूस आईवर रडल्याबद्दल वाचकाने हसू नये, अशी विनंती करतो. आम्हांला वाटते, या दोन रडण्यांत पाऊलवाट आहे. कल्पित दुःखावर ओलावलेले डोळे, देवाची कृपा असेल तर, खऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकतात.

'गिलियड' हे नाव बायबलमधल्या गिलाद प्रांताचे. तिथला मलम जखमांसाठी प्रसिद्ध होता, आणि आपल्या लोकांची जखम पाहून यिर्मया संदेष्टा व्याकूळ होऊन विचारतो की, गिलादात मलम उरला नाही का? आपल्या घराघरांत, आतल्या खोलीतल्या खाटेवर, थरथरत्या हातांत तो थोडाथोडा उरलेला आहे. तो सुकून जाण्याआधी मागून घ्या. आणि ज्यांचे हात थरथरत आहेत त्या आमच्या आई-बाबांना, आजी-आजोबांना नम्र विनंती: मागायला कोणी आले नाही तरी देत राहा.

प्रभू आपणा सर्वांच्या घरांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू